दोन डबे, एक झोत आणि 'हॉवरक्राफ्ट' : प्रकल्प नोंदी

६ सप्टेंबर २०२५

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथजवळच्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गाचं ऑक्टोबरअखेर छोटं प्रदर्शन आहे. रोज कानावर पडणारा एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला हे वस्तू मांडून दाखवायचं, असं ठरलं. मोठ्या मुलांनी 'हॉवरक्राफ्ट' उचलला, म्हणजे खाली सोडलेल्या हवेच्या गादीवर तोलून पाण्यावरून जाणारं वाहन. इथल्या मुलांनी दुसरं काय निवडावं? साऊथसीच्या किनाऱ्यावरून आइल ऑफ वाइटवरच्या राइडला जाणारी हॉवरक्राफ्टची सेवा १९६५ पासून चालू आहे. दहा मिनिटांत पलीकडे. तिचा आवाज मुलांना पाठ आहे.

काम दोन भागांत आहे. टेबलावर हॉवरक्राफ्टचे जनक ख्रिस्तोफर कॉकरेल यांचा डब्यांचा प्रयोग चालता करायचा, आणि मागच्या फलकावर शब्दाची जन्मकथा लावायची. पुण्यात, कोल्हापुरात कुणी शाळेसाठी हेच करणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

प्रयोग असा. कॉकरेल मार्कोनी कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंता होते. ती नोकरी सोडून ते इंग्लंडच्या पूर्वेला ऑल्टन ब्रॉड इथं होड्यांच्या धंद्यात पडले. पाणी होडीला मागे ओढतं, ती ओढ कमी कशी करायची, हा त्यांचा ध्यास. १९५५ मध्ये त्यांनी कॉफीच्या डब्यात मांजराच्या खाण्याचा लहान डबा बसवला, दोन डब्यांमधल्या फटीतून हवेचा झोत खाली सोडला आणि स्वयंपाकघरातल्या तराजूवर त्याचा दाब मोजला. नुसत्या एका डब्यापेक्षा दोन डब्यांच्या फटीतून आलेल्या कड्यासारख्या झोताने तराजू जास्त दाबला गेला. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला.

वाचायला सोपं आहे. दोन डबे, एक तराजू. म्हणून मी एका शनिवारचं काम धरलं होतं.

७ सप्टेंबर

डबे जमवले. बाहेरचा डबा म्हणून आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा घेतला, व्यास साधारण ९९ मिलिमीटर. मराठी घरात तो फुकटच मिळतो. आतला, मांजराच्या खाण्याचा ४०० ग्रॅमचा, ७३ मिलिमीटर. हवेसाठी घरातला हेअर ड्रायर, मोजायला डिजिटल किचन स्केल.

काहीही चाललं नाही. ड्रायरच्या तोंडाला डबा लावला की हवा कोंडते, आतली तार तापते आणि ड्रायरचा सुरक्षा-स्विच त्याला बंद करतो. थंड हवेवर ठेवला तर बंद पडत नाही, पण त्याचा पंखा अडथळ्यापुढे दमतो. फटीशी हात धरला तर जेमतेम फुंकर. स्केलची वेगळीच तऱ्हा: झोत सुरू झाला की आकडा नाचतो, क्षणभर थांबलं की तेवढा दाब शून्य धरून स्केल पुन्हा मोजायला लागतं. अशा नाचऱ्या आकड्यावर काहीच सिद्ध करता येणार नाही.

खर्च: मांजराच्या खाण्याचा एक पौंड. मांजर शेजारच्यांचं.

१३ सप्टेंबर

हवेचा प्रश्न सुटला. आताच्या बिनवायरच्या व्हॅक्यूम क्लीनरना हवा बाहेर फेकणारं, नळी बसेल असं तोंड नसतं. जुन्या, जमिनीवर ओढायच्या नळकांडी मॉडेलना मागे ते असतं. तसा एक जुन्या सामानाच्या दुकानात १५ पौंडांना मिळाला. घेताना नळी मागच्या तोंडाला नीट बसते का हे दुकानातच पाहा. मी पाहिलेल्या पहिल्या यंत्राची बसत नव्हती. पिशवी नवी घाला, नाहीतर जुनी धूळ मुलांच्या तोंडावर येते.

तराजूही बदलला. दोन पारड्यांचा, वजनं टाकायचा जुना तराजू एका धर्मादाय दुकानात ८ पौंडांना मिळाला. झोताने एक पारडं खाली जातं, दुसऱ्यात ते पुन्हा समतोल होईपर्यंत वजनं टाकायची. मुलांना वजन हाताने टाकायला मिळतं आणि दाब म्हणजे काय हे डोळ्यांना दिसतं, म्हणून प्रदर्शनासाठी डिजिटलपेक्षा हाच चांगला.

फलकावर हवेच्या यंत्राचं काय लिहायचं हेही ठरवलं. कुठे व्हॅक्यूम क्लीनर, कुठे ब्लोअर, कुठे हेअर ड्रायर असं सांगितलं जातं. आम्ही 'हवा फेकणारं यंत्र' एवढंच लिहिणार.

१४ सप्टेंबर

आजचा दिवस उलटा गेला. डब्याचं तोंड पारड्यापासून १० मिलिमीटरवर ठेवून मोजलं. एकटा डबा: ९५ ग्रॅमच्या आसपास. दोन डबे: ६० सुद्धा नाही.

गोष्टीत सांगतात त्याच्या बरोबर विरुद्ध! एक मुलगा म्हणाला, "मावशी, मग कॉकरेल चुकले का?" प्रश्न चांगला होता, म्हणून पाटीवर लिहून ठेवला.

दोन गोष्टी बिघडल्या होत्या. पहिली, एकट्या डब्यात नळीतून आलेला झोत पसरतच नाही. तो सळईसारखा सरळ पारड्याच्या मधोमध आदळतो. म्हणजे आम्ही डबा मोजतच नव्हतो, नळी मोजत होतो. दुसरी, दोन डब्यांमधली फट १३ मिलिमीटर होती. एवढ्या रुंद फटीतून हवा सावकाश बाहेर पडते, कडं विरळ होतं.

२० सप्टेंबर

पहिल्या दोषावर उपाय: डब्याच्या आत, नळीच्या तोंडाखाली दोन बोटांवर, पत्र्याची चकती बसवली. तिला खिळ्याने जवळजवळ भोकं पाडली. झोत तिच्यावर आपटून पसरतो. आता एकटा डबा ८० ग्रॅम दाखवतो, आणि पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेवढाच. हा आकडा धरून चालायला हरकत नाही.

दुसऱ्यासाठी आतला डबा मोठा हवा होता. अननसाच्या चकत्यांचा, ८३ मिलिमीटरचा घेतला. फट ८ मिलिमीटर झाली आणि दोन डब्यांनी पहिल्यांदा एका डब्याला मागे टाकलं, १०० ग्रॅम. पण दहा मिनिटांत आतला डबा एका बाजूला कलला. मी तो ग्लू गनने चिकटवला होता. कोंडलेलं व्हॅक्यूमचं यंत्र चांगलीच गरम हवा फेकतं, गोंद मऊ पडला. फट एकीकडे बारीक, दुसरीकडे रुंद. पारडंही तिरकं दाबलं जायला लागलं.

संध्याकाळी शब्दाचं काम. 'क्राफ्ट' हा भाग आधी घेतला, कारण त्याचा प्रवास लांबचा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बळ, मग कसब. सतराव्या शतकात लहान होड्यांना तो शब्द लागला. पुढे १८५० च्या सुमारास हवेत जाणाऱ्या फुग्यांसाठी 'एअरक्राफ्ट' हा जोडशब्द झाला. विमान तेव्हा कुठेच नव्हतं. म्हणजे हाताच्या कसबापासून होडी, होडीपासून फुगा, फुग्यापासून विमान. आणि १९५९ मध्ये, विमानासारखं घोंघावणारं आणि होडीसारखं समुद्रावर जाणारं हे यंत्र आलं तेव्हा तोच शब्द पुन्हा कामाला लागला. होडीवाल्याने बनवलेल्या वस्तूला होडीचाच शब्द मिळाला, हे मला फार आवडतं. फलकावर क्राफ्टला मोठी जागा द्यायची.

२१ सप्टेंबर

वर्गातल्या एका मुलीचे आजोबा नाशिकहून आलेत, आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून गेलं. डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "ताई, गोंदाने धरतंय होय? तीन स्क्रू घाला. बाहेरून." बाहेरच्या डब्याला सारख्या अंतरावर तीन भोकं, त्यांतून चार मिलिमीटरचे लांब स्क्रू, दोन्ही बाजूंनी नट. स्क्रूची टोकं आतल्या डब्याला तीन बाजूंनी दाबून धरतात. एक स्क्रू पाव फेरा आत, समोरचे दोन थोडे बाहेर, असं करत फट सगळीकडे सारखी होते. फट तपासायला त्यांनी पट्टी घेतली नाही; एकाच जाडीचा पुठ्ठा घेतला आणि तो गोल फिरवला. जिथे अडकला तिथे स्क्रू हलवला.

हे काम आजोबांनी दीड तासात केलं, तेही बोलत बोलत. डब्याच्या कापलेल्या कडाही त्यांनीच कानसीने घासून गुळगुळीत केल्या. ही पायरी टाळू नका. पत्र्याची कड मुलाच्या बोटाला सहज लागते. कड न ठेवता बाजूने उघडणारा ओपनर मिळत असेल तर उत्तम.

मग त्यांच्याच सांगण्यावरून आतल्या डब्याला बाहेरून कॉर्कची दोन मिलिमीटरची पट्टी गुंडाळली. फट आली साडेपाच-सहा मिलिमीटरवर.

एक डबा ८० ग्रॅम. दोन डबे १४०.

यंत्र तेच, नळी तीच, उंची तीच. वजनं टाकणाऱ्या मुलीने स्वतःहून पुन्हा मोजलं. १४०. या गोष्टीत डबे काय, कुठलेही चालतात. सगळी करामत त्या बारीक, सगळीकडे सारख्या फटीत आहे. हवेचं पातळ कडं खाली भिंतीसारखं उभं राहतं आणि मधली हवा कोंडून धरतं. ती कोंडलेली हवाच भार उचलते.

कॉकरेल यांना तिप्पट दाब मिळाला असं बऱ्याच ठिकाणी म्हणतात. आमच्या टेबलावर पावणेदोन पट. फलकावर आमचाच आकडा जाईल.

२७ सप्टेंबर

तिपटीकडे जाण्यासाठी खटपट केली. खऱ्या यंत्रात झोत थोडा आतल्या बाजूला वळवलेला असतो. म्हणून बाहेरच्या डब्याची कड पकडीने आत वाकवली. पत्रा सुरकुतला, फट वेडीवाकडी झाली, वाचन १०५ वर घसरलं. डबा फुकट गेला आणि स्क्रूचं सगळं काम नव्याने करावं लागलं. अर्धा दिवस. पकडीने हे होणार नाही, साचा हवा. सोडून दिलं.

५ ऑक्टोबर

मुलांना घेऊन ली-ऑन-द-सोलेंटच्या हॉवरक्राफ्ट संग्रहालयात गेलो. नौदलाच्या जुन्या तळावर ते आहे. तिथे 'प्रिन्सेस अ‍ॅन' उभं आहे, एसआर.एन.४ जातीचं. त्याच्या पोटाशी उभं राहिलं की डब्याचा आणि याचा संबंध पटवून घ्यायला वेळ लागतो. मोटारी आणि माणसं दोन्ही घेऊन इंग्लिश खाडी ओलांडणारी ही जात १९६८ मध्ये सेवेत आली आणि १ ऑक्टोबर २००० ला निवृत्त झाली. याच 'प्रिन्सेस अ‍ॅन'ने १४ सप्टेंबर १९९५ रोजी फ्रान्सचं कॅले आणि इंग्लंडचं डोव्हर यांच्यामधलं अंतर २२ मिनिटांत कापलं.

आणि इथेच फलकाचा मधला भाग सुचला. एवढ्या वेगाच्या वाहनाच्या नावात वेग कुठेच नाही. 'हॉवर' हे मध्ययुगीन इंग्रजीतलं क्रियापद, रेंगाळणं, एका जागी थांबून राहणं या अर्थाच्या जुन्या धातूवरून आलेलं. गवतावर पंख फडफडवत हवेत एका जागी थबकणारा ससाण्याच्या जातीचा पक्षी करतो ते हॉवर. मुलांना विचारलं, वेगवान बोटीला असं नाव का दिलं असेल? तराजूवर वजनं टाकणारी मुलगी म्हणाली, "कारण आधी ती फक्त वर थांबली असेल." मला तिचं म्हणणं पटतं. नाव यंत्राच्या मूळ कामाला मिळालं, आणि ते काम तराजूवर दिसतं तेच: जमिनीपासून बोटभर वर उचललेलं राहणं. पुढे जाण्यासाठी वेगळा पंखा लागतो. राइडच्या हॉवरक्राफ्टचे मागचे मोठे पंखे मुलांनी इतक्या वेळा पाहिलेत की हे लगेच कळलं.

११ ऑक्टोबर

फलकाचा तारखांचा पट्टा. इथे एक पोकळी होती: पेटंटचा अर्ज १९५५ चा, पण शब्द छापील मजकुरात १९५९ पासून. मधली चार वर्षं काय? सरकारने १९५६ मध्ये हे काम गुप्त यादीत टाकलं आणि १९५८ मध्ये बाहेर काढलं. गुप्त यंत्राचं नाव वर्तमानपत्रात येणार कसं? नौदलाला ते विमान वाटलं, हवाई दलाला बोट, आणि लष्कराला त्यात रसच नव्हता, ही हकीगतही प्रसिद्ध आहे. ती फलकावर घेतली, कारण नावातल्या 'क्राफ्ट'चं तिच्यात उत्तर आहे. बोट म्हणावं तर पाण्यात नाही, विमान म्हणावं तर उडत नाही. क्राफ्ट दोघांनाही चालतं.

नंतरचा भाग भरभर झाला. वाइट बेटावरच्या ईस्ट काउझला सॉण्डर्स-रो कंपनीने एसआर.एन.१ बांधलं. ११ जून १९५९ ला ते लोकांसमोर आलं. २५ जुलै १९५९ ला, ब्लेरिओच्या विमानाने खाडी ओलांडली त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ते कॅलेहून डोव्हरला आलं. दोन तास लागले. चालक पीटर लॅम्ब, सोबत जॉन चॅप्लिन आणि स्वतः कॉकरेल, जे तोल सांभाळायला भार म्हणून इकडून तिकडे सरकत होते. दोन तासांवरून २२ मिनिटांवर यायला ३६ वर्षं लागली. हा हिशेब एका मुलाने केला आणि पट्ट्याच्या टोकाला स्वतःच्या अक्षरात लिहिला.

१८ ऑक्टोबर

शब्दाची गोष्ट १९५९ ला संपत नाही, हे आज कळलं आणि फलक वाढवावा लागला. १९६१ नंतर 'हॉवरक्राफ्ट' हे नोंदणीकृत व्यापारी नाव झालं. मग इतरांनी काय म्हणायचं? 'एअर कुशन व्हेइकल', हवेच्या गादीवरचं वाहन. पण लोकांच्या तोंडी हॉवरक्राफ्टच राहिलं, आणि ब्रिटिश संसदेने १९६८ मध्ये 'हॉवरक्राफ्ट कायदा' केला तेव्हा त्यात व्याख्या द्यावी लागली: वाहनातूनच सोडलेल्या हवेच्या गादीवर, पूर्ण किंवा अंशतः, तोललेलं वाहन, आणि त्या गादीची एक हद्द म्हणजे खालची जमीन किंवा पाणी. मी ती व्याख्या मुलांना वाचून दाखवली आणि प्रत्येक शब्दाला डब्यावर बोट ठेवायला सांगितलं. जमलं.

हेच दोन शब्द आपल्याकडेही वावरतात. भारतीय तटरक्षक दलाकडे ग्रिफन जातीची हॉवरक्राफ्ट आहेत. पहिली काही कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने गोव्याच्या चौगुले कंपनीशी अशा सहा वाहनांसाठी ३८७.४४ कोटी रुपयांचा करार केला. करारात शब्द आहे एअर कुशन व्हेइकल, आणि बातमी सांगताना सगळे म्हणतात हॉवरक्राफ्ट. वर्गात एक कुटुंब वास्कोचं आहे. त्यांच्या मुलाने तो कोपरा स्वतःकडे घेतला.

२६ ऑक्टोबर

प्रदर्शन झालं. दोन अडचणी आल्या, दोन्ही पुढच्याने आधीच टाळाव्यात.

पहिली, आवाज. व्हॅक्यूम चालू असताना फलकासमोर बोलणाऱ्या मुलाचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. शेवटी यंत्र टेबलाखाली खोक्यात ठेवलं. खोक्याला हवा जायला मोठी भोकं ठेवा, नाहीतर यंत्र तापतं. मोजणी आणि बोलणं पाळीपाळीने केलं. लांब नळी असती तर यंत्र शेजारच्या खोलीत ठेवता आलं असतं.

दुसरी, उंची. गर्दीत टेबल हलतं आणि १० मिलिमीटरचे १४ होतात. डबा जितका वर जातो तितका फायदा झपाट्याने कमी होतो. डब्याची पकड टेबलाऐवजी तराजूच्याच पाटाला जोडा.

यामुळे एक चांगला प्रश्नही निघाला. उंची वाढली की जोर जातो, मग समुद्राच्या लाटांवर काय करायचं? एसआर.एन.१ समोर हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणजे खाली लोंबणारा लवचिक घेर, सेसिल लॅटिमर-नीडम यांची कल्पना. कड लाटेवर वाकते, हवा आतच राहते, आणि वाहन खूप वर उचललं जातं. आम्ही तिथल्या तिथे फुग्याचं रबर कापून डब्याला गुंडाळलं. झोताने ते लगेच बाहेर फुगून फडफडायला लागलं आणि वाचन कोसळलं. घेराला आतून दोऱ्यांनी ओढून धरावं लागतं. रेनकोटचं कापड आणि बारा दोऱ्या घेऊन आजोबा नोव्हेंबरात परत जाण्याआधी एकदा बसायचं ठरलंय.

एकूण खर्च: व्हॅक्यूम १५, तराजू ८, स्क्रू-नट ४, कॉर्क ३, वाया गेलेल्यासकट डबे ५, फलकाचा पुठ्ठा आणि छपाई ११. एकूण ४६ पौंड. भारतात करणाऱ्यांनी व्हॅक्यूमऐवजी संगणकाची धूळ उडवायचा वायरवाला ब्लोअर घ्यावा, वेग कमी-जास्त करता येणारा. कॉफीच्या डब्याच्या मागे लागू नका. साधारण १०० मिलिमीटरचा कुठलाही सरळ बाजूंचा डबा चालेल, फक्त आतला डबा निवडताना फट सहा मिलिमीटरच्या आत येते ना, ते दुकानातच मोजून घ्या.